मूळ आणि अस्सल

मराठीत 'ओरिजिनल' हा शब्द आता इतका मुरला आहे की तो वापरताना आपण काय म्हणतो आहोत याचा विचार करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. खरे तर आपल्याकडे त्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'मूळ' म्हणजे जे आरंभी होते ते. 'अस्सल' म्हणजे ज्यात लबाडी नाही ते. 'अस्सल' हा अरबी 'अस्ल'वरून आला आणि त्याचाही धात्वर्थ मूळ असाच आहे, हे खरे. जुन्या दप्तरांत 'अस्सल' आणि 'नक्कल' ही जोडी त्याच अर्थाने येते. परंतु शब्द धात्वर्थावर जगत नाहीत, वापरावर जगतात. 'अस्सल माणूस' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या जन्मवेळेविषयी बोलत नसतो. 'ओरिजिनल' या शब्दाने हा भेद पुसून टाकला. जे मूळ तेच अस्सल, आणि जे नंतर आले ते आपोआप बनावट, असा समज त्यातून दृढ झाला.

या समजाचे परिणाम जुन्या मोटारींच्या छंदात फार ठळकपणे दिसतात. वाहन या विषयाशी साहित्याच्या अभ्यासकांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. तो पुढे स्पष्ट होईल. जुन्या गाड्या दुरुस्त करून, रंगवून, प्रदर्शनात उभ्या करण्याची हौस महाराष्ट्रात आता मूठभर संस्थानिकांपुरती किंवा मुंबईच्या धनिकांपुरती उरलेली नाही. 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव १९७४ साली आले; म्हणजे त्या पिढीतल्या पहिल्या गाड्यांनी २०२४मध्ये पन्नाशी गाठली. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आणि त्यांच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे आणली. तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांची साधी फियाटही 'वारसा' या सदरात येऊ लागली. आता दर वर्षी गाड्यांची एक नवी तुकडी या सदरात दाखल होणार, आणि दर वर्षी तोच प्रश्न पुन्हा उभा राहणार: या गाडीत मूळचे काय, आणि नंतरचे काय?

इंजिनाविषयी, रंगाविषयी या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. ते सर्वांत अवघड होते ते आवाजाच्या बाबतीत. गाडीत गाणे कशावर वाजत होते, हा तो प्रश्न.

मूळ ध्वनियंत्रणेचा हा आग्रह आपल्याकडे अमेरिकेतून आला. तिथे १९६४च्या 'पॉन्टियाक जीटीओ'पासून ज्या दणकट, मोठ्या इंजिनाच्या, तरुणांना परवडणाऱ्या गाड्यांची लाट आली, त्यांना 'मसल कार' म्हणतात. मस्टँग, कॅमारो, चार्जर, रोड रनर ही त्या घराण्यातली नावे. अमेरिकेत मोटार आणि रेडिओ यांची सोयरीक त्याआधीच तीन दशके जुनी होती. गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले, ते पुढे कंपनीचेच नाव झाले. १९५६च्या मॉडेलांसाठी क्रायस्लरने डॅशबोर्डाखाली चक्क तबकडी वाजवणारे यंत्र देऊ केले. १९६६च्या मॉडेलांत फोर्डने आठ-ट्रॅकी टेप आणला. जनरल मोटर्सच्या गाड्यांत 'डेल्को'चे रेडिओ असत.

आज तिथले संग्राहक या यंत्रांचा माग एखाद्या पोथीच्या पानासारखा काढतात. रेडिओवरचा क्रमांक गाडीच्या वर्षाशी जुळतो का, बटणांची नक्षी त्याच मॉडेलाची आहे का, हे स्पर्धेचे परीक्षक तपासतात. यात तांत्रिक शिस्तही आहे. डेल्कोच्या त्या काळच्या अनेक रेडिओंना दहा ओहमचा स्पीकर लागे. आज सहज मिळणारा चार ओहमचा स्पीकर त्याला जोडला तर त्यातला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर जळून जाऊ शकतो. म्हणजे मूळ रेडिओ हवा असेल तर मूळ जातीचा स्पीकर हवा, आणि तोही कागदी शंकूचा. कागद तर साठ वर्षांत ठिसूळ होतोच. तेव्हा बाहेरून जुना चेहरा तसाच ठेवून आत नवे सर्किट, एफएम आणि ब्लूटूथ बसवून देणाऱ्यांचा एक व्यवसायच तिथे उभा राहिला आहे.

या सगळ्या शोधाशोधीत एक गोष्ट आम्हांला सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते. मसल कारमध्ये रेडिओ बहुधा ऐच्छिक असे. ज्या गिऱ्हाइकाला फक्त वेग हवा होता, तो रेडिओ न घेता गाडी मागवी, आणि मग कारखाना ती रिकामी जागा एका सपाट पट्टीने झाकून देई. आज अशी झाकणपट्टी असलेल्या गाड्यांना तिथले शौकीन मान देतात. त्या पट्टीच्या नव्या प्रतिकृतीही विकत मिळतात. तात्पर्य, मूळ आवाजाच्या शोधाचे उत्तर कधी कधी 'शांतता' असे असते, हे खुद्द अमेरिकेतल्या जाणकारांनी मान्य केले आहे.

आता आपल्याकडे येऊ. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. ज्या प्लिमथने १९६८ साली 'रोड रनर' काढली, तिची वडीलधारी भावंडे अशी कुर्ल्यात जन्मली होती. पुढे फियाट आली. १९६४ची 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट', मग 'पद्मिनी'. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला 'हिंदुस्तान मोटर्स'ची अ‍ॅम्बेसेडर होती, आणि १९८४पासून 'कॉन्टेसा' होती, जिला तिच्या लांबरुंद बॉनेटमुळे आपल्याकडची मंडळी कौतुकाने 'भारताची मसल कार' म्हणतात. वास्तविक तिचे पहिले इंजिन अ‍ॅम्बेसेडरच्याच कुळातले, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे. स्नायू होते ते पत्र्यात, इंजिनात नव्हते.

या साऱ्या गाड्यांविषयीचे एक साधे सत्य विसरले जाते: त्यांतल्या बहुतेक कारखान्यातून मुक्या बाहेर पडत. मोटार मिळवण्यासाठीच वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, तिथे रेडिओ ही चैनच. गाडी घरी आल्यावर मालक शहरातल्या दुकानात जाई, यंत्र निवडी, आणि तिथला कारागीर ते डॅशबोर्डात किंवा डॅशबोर्डाखाली पट्ट्या मारून बसवून देई. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. प्लगमध्ये पडणाऱ्या ठिणगीची खरखर थेट रेडिओत उतरते. ती मारण्यासाठी वायरींना सप्रेसर आणि डायनामोला कंडेन्सर लावावा लागे. एरियलसाठी मडगार्डला भोक पाडावे लागे, आणि ते भोक पाडताना मालकाच्या काळजाला पडत असे ते वेगळेच. शिवाय त्या काळी रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागे. पोस्टात पैसे भरून परवान्याच्या पुस्तिकेत तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. ही पद्धत १९८०च्या दशकात संपली.

तेव्हा आमचा पहिला मुद्दा असा की, 'कारखान्याने बसवलेली मूळ ध्वनियंत्रणा' ही कल्पना आपल्या बहुतांश जुन्या गाड्यांना लागूच पडत नाही. आपल्या गाड्यांचे मूळ कारखान्यात आहे, पण त्यांचा आवाज बाजारातला आहे. तो मालकाने निवडला, अनाम कारागिराने बसवला आणि पोस्टाने परवाना देऊन अधिकृत केला. कारखान्याचे 'मूळ' म्हणाल तर एक रिकामी फट आहे. त्या फटीत पुढे जे आले ते नंतरचे असले तरी अस्सल आहे.

दुसरा मुद्दा कॅसेटचा. पीटर मॅन्युअल यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात दाखवून दिले की स्वस्त कॅसेटने उत्तर भारतात एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली आणि छोट्या, प्रादेशिक निर्मात्यांना बाजार मोकळा करून दिला. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेडोपाडी पोचला तो रेडिओपेक्षा कॅसेटवरून अधिक. भीमगीते, लोकगीते, भारुडे, कीर्तने, वगनाट्ये, या सर्वांना आकाशवाणीच्या निवड समितीची पायरी न चढता श्रोता मिळाला. आणि हा श्रोता पुष्कळदा वाहनात बसलेला होता.

आमचे ईट हे भूम तालुक्यातले, बीड जिल्ह्याच्या हद्दीला टेकलेले बाजारगाव. इथल्या माणसांचे ऐकण्याचे शिक्षण काळ्या-पिवळ्या जीपमध्ये झाले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. गच्च भरलेल्या जीपमध्ये कोणती कॅसेट लागावी हे चालक ठरवी. सकाळच्या फेरीला अभंग, दुपारी हिंदी चित्रपटगीते, आणि बाजारच्या दिवशी गिऱ्हाइकाचा कल पाहून काहीही. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरांवर आजही टेप असतो, त्याची जागा आता पेनड्राइव्हने घेतली आहे इतकेच. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कारखान्याने तो दिलेला नसतो. मडगार्डावर बसवलेल्या खोक्यातून निघणारा तो दणदणाट सहन करणे कठीण आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु सहा महिने परमुलखात पालावर राहायला निघालेल्या माणसांनी आपल्या वाहनाला दिलेला तो कंठ आहे. उद्या पन्नास वर्षांनी असा एखादा ट्रॅक्टर कोणी जतन करायला घेतला आणि 'मूळ स्वरूप' म्हणून त्यावरचा टेप भंगारात काढला, तर यंत्र वाचेल आणि त्याचा इतिहास जाईल.

हे काल्पनिक भय नाही. आमच्या परिचयातल्या एका अडत व्यापाऱ्याच्या घरी १९७५ची पद्मिनी होती. व्यापारी वारले, गाडी गोदामात धूळ खात पडली. मुलांनी ती मोठ्या हौसेने, मोठ्या शहरातल्या एका कार्यशाळेत नेऊन नवी करून घेतली. काम उत्तम झाले यात शंका नाही: पत्रा, क्रोम, गाद्या, सारे झळाळत होते. डॅशबोर्डात मात्र १९८०च्या दशकात बसवलेला कॅसेट-डेक होता, तो कार्यशाळेने काढून टाकला आणि त्या जागी कुठल्याशा परदेशी गाडीतून निघालेला एक देखणा जुना रेडिओ बसवला. आत ब्लूटूथ. एका मेळाव्यात गाडीपुढे जे माहितीपत्रक ठेवले त्यावर 'ओरिजिनल फॅक्टरी रेडिओ' असे छापलेले होते. गाडी गावात आली तेव्हा व्यापाऱ्यांच्या वृद्ध पत्नीने तिच्याभोवती एक फेरी मारली, आत डोकावून पाहिले आणि एवढेच विचारले, "गाडी लई भारी दिसायलीय, पण ह्यांची कॅसेट कुठंय?" त्या डेकमध्ये एक कॅसेट वर्षानुवर्षे अडकून पडली होती. ती ना निघत होती, ना धड वाजत होती. कार्यशाळेच्या दृष्टीने तो बिघाड होता.

या प्रसंगात फसवणूक कोणाची झाली? पैशांची नाही, मुलांना हवे ते मिळाले. फसवणूक झाली ती सत्याची. जो रेडिओ 'मूळ' म्हणून मिरवला गेला तो या गाडीत कधीच नव्हता, म्हणजे तो मूळही नाही आणि अस्सलही नाही. जो काढून टाकला तो मूळ नव्हता, पण त्या घराची तीस-पस्तीस वर्षे त्यात साठलेली होती. तो अस्सल होता. एका शब्दाच्या सैल वापराने अस्सल ते भंगारात गेले आणि बनावट ते मखरात बसले.

इथे आमच्या विषयाचा, म्हणजे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाचा, संबंध येतो. 'मूळ काय' हा प्रश्न मराठीने मोटारींच्या कितीतरी आधी, पोथ्यांच्या संदर्भात सोसलेला आहे. त्याला आपल्या परंपरेने दोन वेगळी उत्तरे दिली. एक उत्तर एकनाथांचे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशे वर्षांत पाठ बिघडले, ओव्या घुसल्या, हे पाहून नाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे त्यात कोणी आपली भर घालू नये असे बजावले. त्यांचे उपकार मोठेच. पण त्या शुद्धीकरणात काय गळले, कोणता पाठ कोणत्या प्रतीतला, हे कळायला मार्ग उरला नाही. म्हणून तर विसाव्या शतकात राजवाड्यांना एकनाथपूर्व प्रतीचा ध्यास लागला, बीडच्या पाटांगणातली प्रत हाती आल्यावर ती त्यांनी १९०९ साली छापली, आणि त्या प्रतीच्या प्राचीनत्वावर अभ्यासक पुढे वाद घालत राहिले.

दुसरे उत्तर महानुभावांचे. लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत गहाळ झाली, तेव्हा पंथातल्या मंडळींनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच प्रत्येकाचे स्मरण थोडे वेगळे. त्यांनी हे वेगळेपण लपवले नाही. हिराइसेचा पाठ, अमक्याची 'वासना', तमक्याचा 'शोधु', अशा नोंदी त्यांनी ग्रंथातच जपल्या. 'वासना' हा पाठभेदासाठी वापरलेला शब्दच पाहा: एखाद्या वस्तूचा वास मागे राहावा तसे स्मरण त्या माणसात राहिले आहे. मूळ हरवले हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले आणि जे उरले ते कोणाकडून आले, हे सांगितले. त्यामुळे त्यांची प्रत मूळ नसूनही अस्सल राहिली.

जुन्या गाड्यांच्या आवाजाबाबत आपण महानुभावांची रीत उचलावी, असे आमचे म्हणणे आहे. गाडी कारखान्यातून आली तशी करायची, तर डॅशबोर्डातली फट रिकामी ठेवण्याचे धाडस दाखवावे. ती गाडी जगली तशी ठेवायची, तर पुढे आलेला डेक, त्याच्या कापलेल्या कडा, मागच्या काचेखालचे स्पीकर, हे सारे राखावे, आणि ते केव्हाचे, कोणी बसवलेले, हे लिहून ठेवावे. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. तिसरा मार्ग, म्हणजे जे कधीच नव्हते ते आणून त्याला 'मूळ' म्हणणे, तेवढा अप्रामाणिक आहे. आणि नेमका तोच आज लोकप्रिय होतो आहे.

ही आमची पुस्तकी लहर आहे असे कोणी समजू नये. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली 'तुरिनची सनद' मान्य केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श तिच्यासमोर होता. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, ही दृष्टी तिच्यामागे आहे. नव्याने करावे लागणारे बदल शक्यतो पुन्हा पूर्ववत करता येतील असे असावेत, आणि काढलेले मूळ भाग वाहनासोबत जपून ठेवावेत, असे ती सुचवते. आपला २०२१चा नियम मात्र सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा एवढेच पाहतो. आवाज त्याच्या कक्षेत येत नाही. तेव्हा ही जबाबदारी कायद्यावर ढकलून चालणार नाही. ती मालकांनी, कारागिरांनी आणि मेळावे भरवणाऱ्या मंडळांनी घ्यायला हवी.

आमच्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला आक्षेप उपयोगाचा. जुना रेडिओ चालू केला तरी ऐकायचे काय? आकाशवाणीने अलीकडच्या वर्षांत अनेक ठिकाणचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण थांबवले आहे. नुसत्या मध्यम लहरींच्या रेडिओत आता बहुतेक वेळा खरखरच येते. कॅसेट तर दुकानातून गेल्याच. मालकाने आपल्याच गाडीत मुकाट बसायचे का? अजिबात नाही. नवे यंत्र बसवावे, पण ते आसनाखाली किंवा सामानाच्या कप्प्यात असावे, त्यासाठी पत्रा कापू नये, आणि ते नवे आहे हे उघड सांगावे. लपवलेले यंत्र लबाड नसते. त्याविषयी केलेले विधान लबाड असते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. बाजारात घाईघाईने जोडलेल्या तारा, फ्यूजशिवाय घेतलेला करंट, यांमुळे गाडीला आग लागू शकते. मान्य. तारा बदलाव्यात, फ्यूज घालावा. पोथीचे पान जीर्ण झाले तर त्याला मागून कागद चिकटवतोच की आपण. पान फेकून देत नाही.

तिसरा आक्षेप रुचीचा आहे, आणि तोच खरा आहे असे आम्हांला वाटते, कारण तो सहसा उघड बोलला जात नाही. लुकलुकत्या दिव्यांचा तो डेक, ते भडक स्पीकर, ते 'चीप' दिसते. अमेरिकन रेडिओ 'क्लास' दिसतो. इथे प्रश्न जतनाचा उरत नाही, लाजेचा होतो. आपल्या वडिलांनी आपल्या ऐपतीत आणि आपल्या आवडीने जे घेतले त्याची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण दुसऱ्याच्या वडिलांची आठवण विकत आणून डॅशबोर्डात बसवतो. मराठी मध्यमवर्गाने आपल्या बोलीच्या बाबतीत नेमके हेच केले, हे भाषेच्या प्राध्यापकांनी तरी विसरू नये. वर्गातला ग्रामीण विद्यार्थी 'शुद्ध' बोलू लागला की आपण समाधान मानतो; त्याच्या तोंडून काय गेले, हे कोणी विचारत नाही.

यातून मार्ग काढणे कठीण नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही. गाडी कार्यशाळेत देण्यापूर्वी डॅशबोर्डाची, तारांची, स्पीकरांची छायाचित्रे घ्यावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यंत्र केव्हा, कुठून आणले हे लिहून घ्यावे. पोस्टाची जुनी परवाना-पुस्तिका, दुकानाची पावती सापडली तर ती गाडीच्या कागदपत्रांत लावावी. काढलेले यंत्र कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून डिकीत स्टेपनीशेजारी ठेवावे, अडकलेल्या कॅसेटसकट. मेळावे भरवणाऱ्यांनी परीक्षकांच्या तक्त्यात 'आवाज' असा एक रकाना घालावा, आणि त्यात गुण द्यावेत ते चकाकीला नव्हे, माहितीच्या खरेपणाला. माहितीपत्रकावर एवढेच लिहिले तरी पुरे: 'कारखान्यातून रेडिओविना आली, डेक मालकाने नंतर बसवला.' या एका ओळीत तीन दशकांचा सामाजिक इतिहास आहे.

२०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत संपली. निदान एक तरी टॅक्सी जतन करावी अशी मागणी तेव्हा झाली, आणि ती योग्यच होती. पण अशी गाडी उद्या संग्रहालयात उभी राहिली, तर ती कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी कोरी असावी, की तिच्यात चालकाने बसवलेला टेप, त्याच्या देवाची तसबीर आणि छताला मारलेले फुलाफुलांचे कापड असावे? कोरी गाडी पाहून कारखान्याचा इतिहास कळेल, दुसरी पाहून माणसांचा. कारखान्याच्या इतिहासाला नकाशे आहेत, हिशेबवह्या आहेत, छायाचित्रे आहेत. माणसांच्या ऐकण्याच्या इतिहासाला त्या फटीत बसवलेल्या डब्याखेरीज फारसा पुरावा नाही. तो डबा काढण्यापूर्वी, निदान त्यात काही अडकले आहे का, एवढे तरी पाहावे.